उचकी: आठवण, साखर आणि वस्तुस्थिती

उचकी लागली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "कुणीतरी आठवण काढतंय." मग एकेकाची नावं घ्यायची, ज्या नावाला उचकी थांबेल, आठवण त्याची. यात बिघडत काहीच नाही, आणि उचकी थांबतेही. पण ती नावामुळे थांबत नाही. साधी उचकी बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआपच जाते. उचकीच्या कितीतरी उपायांना यश मिळतं ते याच कारणाने.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायू असतो. तो एकदम आखडतो, हवा आत ओढली जाते आणि जेमतेम 35 मिलिसेकंदांत स्वरयंत्राचं तोंड बंद होतं. तोच तो 'हिक्' आवाज. भरपेट किंवा घाईघाईचं जेवण, सोडा, जळजळीत तिखट, गरमावर गार, दारू ही नेहमीची कारणं.

मग घरगुती उपाय सगळे फोल का? नाही. श्वास रोखल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उचक्या मंदावतात. गार पाणी घोटाघोटाने गिळलं की घशातल्या मज्जातंतूंना वेगळी चेतना मिळून उचकीचं चक्र मोडू शकतं. कोरडी साखर चमचाभर गिळण्याच्या उपायाची तर 1971 मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात नोंद आहे: 20 पैकी 19 रुग्णांची उचकी थांबली. मात्र साखर न दिलेल्या रुग्णांशी तुलना त्यात नव्हती, त्यामुळे याला पक्का पुरावा म्हणता येत नाही. करून पाहायला हरकत नाही. मधुमेह असेल तर साखरेऐवजी पाणी बरं.

दचकवणं, "तूच पैसे घेतलेस ना?" असा खोटा आळ घेणं, यामागची कल्पना लक्ष दुसरीकडे वळवण्याची. पण तोंडात घास असलेल्या मुलाला किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धाला कधीही दचकवू नका. मिटलेल्या डोळ्यांवर दाब देण्याचा सल्लाही कुणी देतं. तो तर मुळीच मानू नये. डोळ्याला इजा होऊ शकते आणि हृदयाचे ठोके एकाएकी मंदावू शकतात.

सर्वांत जास्त जपायला हवं ते तान्ह्या बाळाला. उचकीने बाळाची आतडी वाढतात, हे खरं नाही. बाळ पोटात असतानाही उचक्या देतं. जन्मानंतर दूध पिताना हवा पोटात गेली की पुन्हा देतं. टाळूवर ओला धागा ठेवून उचकी जात नाही, आणि तो धागा बाळाच्या तोंडात जाण्याची भीती असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला चमच्याने पाणी पाजू नका. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. मधातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, तेवढं पुरतं.

उचकीने काही होत नाही, हा समज मात्र मोठ्यांच्या बाबतीत घातक ठरू शकतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले चार्ल्स ऑस्बोर्न यांची उचकी 1922 ते 1990 अशी 68 वर्षं चालली. असं उदाहरण विरळाच, पण दिवसेंदिवस न थांबणाऱ्या उचकीमागे मूत्रपिंडाचा विकार, पक्षाघात, काही औषधं, क्वचित हृदयविकाराचा झटकाही असतो. उचकी 48 तासांपेक्षा जास्त टिकली, तर साखर-पाण्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. सोबत छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा तोल जात असेल, तर 48 तासांचीही वाट पाहू नका.