टेस्लाचा आकडा आणि रोगनिदान

एका डोळ्याची दृष्टी एकाएकी अंधूक होते, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आणि काही आठवड्यांत हे सारे ओसरतेही. त्यामुळे मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा विकार पुष्कळदा उशिरा ओळखला जातो. शार्को यांनी १८६८ साली त्याचे सुस्पष्ट वर्णन केले. भारतात तो विरळ मानला जाई. परंतु सुरत येथे जन्मलेले व मुंबईत कार्य केलेले थोर मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात आढळतो, हे १९९० साली दाखवून दिले.

१९८१ पासून या विकाराचे डाग एमआरआयवर दिसू लागले. यंत्राच्या चुंबकाची शक्ती टेस्लामध्ये मोजतात. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. शक्ती वाढली की संदेश ठळक होतो, चित्र अधिक रेखीव येते.

मग तीन टेस्लाचे यंत्र अनिवार्य आहे काय? युरोपातील अनेक केंद्रांत तेच रुग्ण दोन्ही यंत्रांवर तपासले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तीन टेस्लावर, विशेषतः मेंदूच्या बाह्यकात, अधिक डाग दिसले. निदानात मात्र फरक पडला नाही. कारण मॅकडोनाल्ड निकष नुसती डागांची संख्या पाहत नाहीत. डाग मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या भागांत आहेत काय आणि ते वेगवेगळ्या काळी उद्भवले काय, हे पाहतात. २०१७ पासून पाठीच्या पाण्याच्या तपासणीलाही त्यात मोठे स्थान मिळाले, तर २०२४ च्या सुधारणेने दृष्टिचेतेचा समावेश केला.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी तीन टेस्लाला पसंती दिली, परंतु उत्तम प्रतीचे दीड टेस्लाचे चित्रणही पुरेसे मानले. छेदांची जाडी तीन मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, हे महत्त्वाचे. आपल्याकडे क्षयरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हे विकारही असेच भास निर्माण करतात. त्यांतील शेवटच्या विकारात मल्टिपल स्क्लेरॉसिसची काही औषधे अपाय करू शकतात. म्हणून चित्राइतकेच रुग्णाची हकीकत, मज्जासंस्थेची तपासणी व रक्तचाचण्या यांचे मोल आहे.

उधन्यातील लूमवर राबणाऱ्या कुटुंबाला कर्ज काढून दुसरा स्कॅन करण्यास सांगण्यापूर्वी आपण डॉक्टरांनी पहिल्या स्कॅनमध्ये काय उणे होते, हे स्वतःस विचारावे. मानेच्या मज्जारज्जूचे चित्रण राहिले असेल, तर बहुधा तेवढेच पुरेल. रुग्णांनीही जुन्या फिल्म व सीडी जपून ठेवाव्यात. नवा डाग कोणता, हे तुलनेनेच कळते. कारखान्यात लेथ वा ग्राइंडरवर काम करणाऱ्यांनी डोळ्यात कधी धातूचा कण गेला असल्यास आधीच सांगावे. चुंबकाजवळ तो कण सरकून डोळ्यास इजा होऊ शकते. शरीरात बसविलेले उपकरण दीड टेस्लाला सुरक्षित असले, तरी तीन टेस्लाला असेलच असे नाही.

यंत्राची शक्ती अवश्य वाढावी. तथापि योग्य रुग्णाची, योग्य वेळी, योग्य भागाची तपासणी करण्याचा विवेक वैद्यालाच बाळगावा लागतो.