घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

मोसम नदीकाठच्या आमच्या नामपुरात उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं, की शेजारपाजारचं घोरणंही ऐकू येतं. ‘गडी गाढ झोपलाय,’ असं आपण कौतुकानं म्हणतो. पण घोरणं मध्येच थांबून माणूस दहा-पंधरा सेकंदांनी दचकून श्वास घेत असेल, तर तो ‘स्लीप अ‍ॅप्निया’, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो.

यात रक्तातला प्राणवायू रात्रभर खाली-वर होतो. ही टंचाई पेशी कशी ओळखतात, हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ साली नोबेल मिळालं. टंचाई भासताच पेशी नव्या रक्तवाहिन्या मागवतात. मूत्रपिंडाचा कर्करोगही बहुधा याच यंत्रणेवर पोसला जातो. म्हणूनच संशोधक या दोन रोगांचं नातं तपासत आहेत. ते अजून सिद्ध झालेलं नाही. लठ्ठपणा तर दोन्हींचा सोबती आहे.

मात्र रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं अ‍ॅप्नियामुळेही घडतं. त्याचा दोष नुसता साखरेला किंवा वयाला देऊ नये. लघवीतून रक्त गेलं, तर दुखत नसलं तरी डॉक्टर गाठावा. आणि झोपलेल्याला आपल्या अडलेल्या श्वासाचा पत्ता नसतो. ते शेजारी झोपणाऱ्यानंच सांगायला हवं.