मापाचीही पारख

संगणकास आज्ञा देण्याच्या ज्या भाषा आज विद्यार्थी शिकतात, त्यांत पायथॉन ही एक होय. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या स्मृतीची व्यवस्था बदलल्यास कामाच्या वेगांत काय फरक पडतो, हें कसें मोजावें, याविषयीं येथें थोडेंसें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाणी प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं वखारीकडे धांवत नाहीं. पोतें दुकानांत आणून त्यांतून तो शेर-पावशेर मापून देतो. पायथॉनही ५१२ बाइटांपर्यंतच्या लहान मागण्या जवळच्या सांठ्यांतून पुरविते. जी माहिती कोणासच नको झाली, तिची जागा तत्काळ मोकळी होते. परंतु दोन याद्या एकमेकींस धरून बसल्या, तर त्या आपोआप सुटत नाहींत. त्यांसाठीं मधून मधून केर काढण्याची फेरी होते. ही फेरी बंदही ठेवितां येते.

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें ही फेरी एकदां चालू व एकदां बंद ठेवून 'टाइमइट' नामक साधनानें वेळ मोजला. दोन्ही आंकडे जवळ जवळ सारखेच निघाले. "फेरीस वेळ लागत नाहीं," असें त्यानें वहींत लिहिलें, आणि आम्हींही खालीं सही केली. पुढें माहितीपुस्तिका वाचतां आढळलें कीं, मोजणीच्या वेळीं तें साधन आपण होऊनच फेरी बंद ठेवितें! म्हणजे दोन्ही वेळां आम्ही एकच स्थिति मोजली होती.

मग मोजणीच्या आरंभीं फेरी मुद्दाम चालू केली, तेव्हां पुष्कळशा याद्या बनवून सांठविणाऱ्या कामांत फरक स्पष्ट दिसला. नुसत्या बेरजेच्या कामांत दिसला नाहीं. कारण याद्यांसारख्या, इतर माहिती पोटांत धरणाऱ्या वस्तू वाढल्या म्हणजेच फेरीची पाळी येते.

विद्यार्थिमित्रहो, एका वेळीं एकच गोष्ट बदला. मोजणी अनेकदां करा व सर्वांत कमी वेळ प्रमाण माना. कारण संगणकावरील इतर कामें वेळ बहुधा वाढवितात. केवळ वेगावर भुलूं नका. फेरी बंद असतां वेळ वांचेल, पण केर सांचून स्मृति भरेल. स्मृति मोजणारें 'ट्रेसमॅलॉक' हें साधन स्वतःच काम मंद करितें; म्हणून वेळ व स्मृति निरनिराळ्या मोजा.

त्या विद्यार्थ्यानें जुनें वाक्य खोडून टाकलें नाहीं. त्याखालीं त्यानें तारीख घालून दुरुस्ती लिहिली. आम्हींही तेथें पुन्हां सही केली.