पाऊण गुंज सोने आणि एक हिरवी बाटली

"आजोबा, हे खसचं सरबत तुम्ही एकटेच पिणार का?"

आमची पाच वर्षांची नात हे विचारत माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात माझी बाटली होती. हिरवीगार, काठोकाठ भरलेली. बाटली खरोखरच खस सरबताची होती. आतला द्रव मात्र सरबत नव्हता. त्यात तांबे, निकेल आणि आम्ल होते. ती बाटली मी तिच्या हातून कशी काढून घेतली, हे मला आता नीट आठवतही नाही. एवढेच आठवते, की नंतर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते.

या बाटलीची कथा सुरू होते २०२३ सालच्या दिवाळीच्या साफसफाईपासून. मी कोल्हापुरातला निवृत्त विज्ञान शिक्षक. तीस वर्षे दहावीच्या मुलांना विद्युत अपघटन शिकवले. धनाग्र, ऋणाग्र, फॅरेडेचे नियम, चमच्यावर तांब्याचा मुलामा. सगळे फळ्यावर खडूने काढून दाखवले. दिवाळीच्या आधी माळा झाडायला घेतला, तर तिथे मुलाचे कॉलेजपासूनचे तीन संगणक, बिघडलेले रेडिओ, मोबाइल आणि वायरींचे एक जंगलच निघाले. सौ. म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाका एकदाचं." त्याच रात्री मोबाइलवर कोणीतरी पाठवलेली एक चित्रफीत मी पाहिली. एक तरुण काचेच्या भांड्यात सोनेरी पिना बुडवतो, तारा जोडतो आणि तळाशी सोने उतरते. बघताना वाटले, अरे, हे तर आपण आयुष्यभर शिकवले!

जुन्या संगणकात सोने असते, ही थाप नव्हे. तांबे हवेत काळवंडते, चांदीवर डाग पडतात. सोन्याला हवा-पाणी काही करत नाही. म्हणून जिथे एक भाग दुसऱ्यात खोचायचा आणि अगदी क्षीण विद्युतप्रवाह अडखळता कामा नये, तिथे पिनांवर सोन्याचा मुलामा देतात. सोन्याच्या खाणीतल्या एक टन दगडातून पाच-सात ग्रॅम सोने निघाले, तरी ती खाण चांगली समजतात. एक टन जुन्या मोबाइलांत मात्र दोनशे ग्रॅमहून अधिक सोने असते. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील कोलारच्या खाणी शंभराहून अधिक वर्षे चालून २००१ साली बंद झाल्या. आणि इथे माझ्या माळ्यावर नवी खाण निघाली होती!

पण या हिशेबात एक मेख आहे. हा मुलामा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही. एक चौरस सेंटिमीटर जागेवर एवढ्या जाडीचा थर दिला, तर सोने लागते जेमतेम एक मिलिग्रॅम. एका ग्रॅमसाठी असे हजार चौरस सेंटिमीटर हवेत. मी भंगारवाल्याकडून आणखी किलोभर जुनी कार्डे आणली, चिमट्याने सात-आठशे पिना उपटल्या आणि कागदावर गणित मांडले. उत्तर आले पावणेदोनशे मिलिग्रॅम. थोडे आहे, पण स्वतःच्या हाताने काढलेले असेल, असे मनाशी म्हटले.

तेजाब घरात आणायचे नाही, एवढे शहाणपण माझ्यापाशी होते. म्हणून मिठाचे पाणी घेतले. मिठाच्या पाण्याने काय होणार? न्हाणीघरात भांडे मांडले आणि जुन्या चार्जरच्या तारा जोडल्या. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो, की त्याला सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी आत शिरते, खालचे तांबे-निकेल विरघळू लागते आणि वरची सोन्याची पापडी सुटी होऊन खाली पडते. तसेच झाले. दोन-तीन दिवसांत भांड्यात हिरवट-निळा गाळ साचला आणि त्यात सोनेरी कण चमकू लागले. चाळिशी लावून मी लहान मुलासारखा त्या भांड्यात बघत बसे.

आता गाळातून सोने वेगळे करायचे होते. तांब्याचा गाळ आम्लात विरघळतो, सोने विरघळत नाही. न्हाणीघर धुण्यासाठी आणलेले हायड्रोक्लोरिक आम्ल कोपऱ्यातच होते. मी ते ओतले.

इथे या शिक्षकाला शून्य गुण द्यायला हवेत. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की धनाग्रावर क्लोरीन निघतो, हे मी तीस वर्षे शिकवले. त्यातला बराच क्लोरीन त्याच पाण्यात मुरतो आणि कपडे पांढरे करण्याच्या द्रावात जे द्रव्य असते, तेच तयार होते. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधी एकत्र करू नका, हेही मीच मुलांना बजावत असे. आणि मी स्वतः, दार लावलेल्या न्हाणीघरात, नेमके तेच केले! क्षणात पिवळट हिरवा वायू वर आला. डोळ्यांची आग झाली, छातीत कोणी निखारे भरावेत तसे झाले, श्वास आत जाईना. माझ्या खोकल्याचा आवाज ऐकून सौ.ने दार ढकलले आणि मला ओढून गॅलरीत नेले. शेजारच्या खोलीत नात झोपली होती. तिला घेऊन सौ. खाली शेजाऱ्यांकडे गेली. डॉक्टरांनी मला अर्धा दिवस ठेवून घेतले. खोकला पुढे पंधरा दिवस पुरला.

एवढे होऊनही मोह सुटला नाही. पापड्या गाळल्या, धुतल्या, वाळवल्या आणि पुडी घेऊन गुजरीत गेलो. गुजरी ही आमच्याकडची सराफांची पेठ. तिथे एका माडीवर ओळखीचे गलाईवाले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याचा हा धंदा घेऊन देशभरच्या सराफपेठांत पसरली आहेत. हे गृहस्थ त्यांच्यापैकीच. त्यांनी पुडी उघडली, बोटाने जरा हलवून पाहिली आणि हसले.

"गुरुजी, कंपुटरचं का?"

"हो. तुम्ही कसं ओळखलं?"

"हल्ली येत्यात पोरं अशी पुड्या घेऊन. निम्मी पितळच आणत्यात. तुमचं बरं हाय."

त्यांनी मुशीत टाकणखार घालून पापड्या वितळवल्या. मोहरीपेक्षा लहान मणी निघाला. वजन भरले नव्वद मिलिग्रॅम. आपल्या जुन्या मापात एका तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. म्हणजे माझे सोने पाऊण गुंज! त्या दिवशीच्या भावाने त्याचे साधारण पाचशे रुपये होत होते. डॉक्टरांचे बिल त्याहून मोठे होते.

माझा पडलेला चेहरा बघून ते म्हणाले, "आमच्याकडं जुन्या काळी झारेकरी यायचे, गुरुजी. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख इकत घेऊन धुवायचे. पण एका दुकानाच्या केरावर कुणाचं पोट भरलं न्हाई. अख्ख्या पेठेचा केर गोळा करायला लागायचा."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. मणीही आणला. आणि घरी होती ती बाटली.

सोने निघाले, पण उरलेले हिरवे पाणी टाकायचे कुठे? न्हाणीत ओतले, तर गटारातून ते पंचगंगेलाच जाणार. निकेल आणि तांबे काही नदीत नाहीसे होत नाहीत. माशांच्या, मातीच्या, शेवटी आपल्याच वाट्याला येतात. नदीच्या प्रदूषणावर मी शाळेत निबंध लिहून घेतलेले! म्हणून ओतवेना. दुसरे भांडे नव्हते, तेव्हा हाताशी आलेल्या रिकाम्या सरबताच्या बाटलीत ते भरले, कपाटावर ठेवले आणि विसरलो. महिन्याभराने नातीने खुर्चीवर चढून ती काढली. पुढचे आपण वाचलेच आहे.

बाटलीत ठेवलेल्या सोन्याची एक खरी गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत असे. १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन शास्त्रज्ञांची नोबेल पदके ठेवलेली होती. ती जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून जॉर्ज द हेवेशी यांनी आम्लराजात विरघळवली आणि ती बाटली फळीवर ठेवून दिली. युद्ध संपल्यावर बाटली तशीच सापडली. त्यातले सोने परत मिळवून पदके पुन्हा पाडण्यात आली. त्यांच्या बाटलीत सोने होते. माझ्या बाटलीत सोने सोडून बाकी सगळे होते!

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याचा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मुलामा देण्याचा कारखाना आहे. शाळेत तो विज्ञानात काठावर पास व्हायचा. बाटली पाहून त्याने आधी मलाच विचारले, "सर, घरात लहान मूल आहे ना तुमच्या?" मी मान खाली घातली.

मग त्याने मला कारखान्याची मागची बाजू दाखवली. मुलाम्याच्या टाक्यांइतकीच जागा सांडपाण्याच्या टाक्यांनी व्यापली होती. वापरलेल्या पाण्यात चुना घालून धातू खाली बसवतात. तो गाळ वाळवून पोत्यांत भरतात आणि घातक कचऱ्यासाठी रांजणगावला जी सोय आहे, तिथे पाठवतात. माझी बाटली त्याने अशाच एका टाकीत रिकामी केली.

"सर, सोनं चढवणं सोपं, उतरवणंही सोपं," तो म्हणाला. "खर्च येतो तो उरलेल्या पाण्याचा. तो ज्यानं टाळला, त्यालाच हा धंदा स्वस्त वाटतो."

फळ्यावर मी जे कधी लिहिले नाही, ते त्याने एका वाक्यात सांगितले. धनाग्र आणि ऋणाग्र मी शिकवले. भांड्यात उरलेल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न परीक्षेत कधी विचारलाच नाही.

विद्युत अपघटनाने सोने शुद्ध करण्याची पद्धत एमिल वोलविल यांनी १८७४ साली हॅम्बुर्गमध्ये शोधली, आणि अत्यंत शुद्ध सोन्यासाठी ती आजही वापरतात. म्हणजे दोष विद्येचा नाही; ती कुठे आणि किती प्रमाणावर वापरायची, याचा आहे. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत जपानी लोकांनी टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी घरातली जुनी यंत्रे गोळा करून दिली. सुमारे ७९ हजार टन माल जमला, त्यात ६२ लाखांहून अधिक मोबाइल होते. त्यातून निघाले ३२ किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ. सगळी पदके त्यातूनच घडली. अख्ख्या पेठेचा केर म्हणतात तो हा!

याची दुसरी बाजू पाहा. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा झाला, आणि त्यातला पावभागही रीतसर गोळा होऊन कारखान्यात पोहोचल्याची नोंद नाही. उरलेल्यातला बराच माल दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांसारख्या ठिकाणच्या गल्ल्यांतून गेला आहे. तिथे कार्डे उघड्यावर जाळतात, आम्लाच्या टपात बुचकळतात आणि पाणी नाल्यात सोडतात. मी जे हौसेने एकदा केले आणि पंधरा दिवस खोकलो, ते तिथली माणसे पोटासाठी रोज करतात. त्यांच्याही घरात नाती असतील.

आपल्याकडे विद्युत-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर त्यांचा जुना माल पुनर्वापरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आहे आणि या कारखान्यांची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी होते. म्हणजे वाट आहे. आपल्या माळ्यावरची वस्तू त्या वाटेला लावणे, एवढेच आपले काम.

२०२४ च्या दिवाळीत आमच्या गल्लीत मी एक खोके ठेवले. जुने मोबाइल, चार्जर, रिमोट, बंद पडलेले रेडिओ त्यात टाका, अशी पाटी लावली. पाटीवरची अक्षरे नातीने रंगवली. आधी लोक हसले. मग एकेक पिशवी येऊ लागली. तीन खोकी भरली आणि ती नोंदणी असलेल्या कारखान्याकडे पाठवली. त्यातून किती सोने निघाले, हे मला कळणार नाही. पण त्यातले पाणी कोणाच्या कपाटावर राहणार नाही, ही खात्री मी आधी करून घेतली.

खोकी गेली त्या संध्याकाळी नातीने विचारले, "आजोबा, तुमचं सोनं बघू?" मी कपाटातून पुडी काढली. तिने मणी तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "एवढंसंच?"

"एवढंसंच," मी म्हटले.

मग तो पुन्हा त्याच कागदात बांधून ठेवला. तो कागद म्हणजे डॉक्टरांचे बिल आहे. दुसरा कागद मी मुद्दामच घेतलेला नाही.