‘डूलाली’ ते ‘हॉब्सन-जॉब्सन’: इंग्रजांनी चुकीचे ऐकलेले आपले शब्द

इंग्रजी वाक्प्रचार चुकीचा ऐकला आणि तसाच बोलला, की वर्गात हशा पिकतो. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांच्या वाट्याला हे जास्त येतं. मग ती इंग्रजी बोलायचंच टाळतात. अशा मुलांना आम्ही सांगतो की खुद्द इंग्रजांच्या कानांनीही अशाच चुका केल्या आहेत, आणि त्याही आपल्याच शब्दांच्या.

पहिलं उदाहरण नाशिकजवळचं. इंग्रजीत ‘टू गो डूलाली’ म्हणजे डोकं फिरणं. हे ‘डूलाली’ म्हणजे आपलं देवळाली. 19व्या शतकात तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे राहायचे. जहाजं ठरावीक हंगामातच सुटत. महिनोन्‌महिने काम नाही, वर ऊन आणि आजारपण. कुणी विचित्र वागू लागला की म्हणायचे, याला ‘डूलाली टॅप’ झालाय. हा टॅप म्हणजे नळ नव्हे. ‘तपेदिक’ या उर्दू शब्दात जो ‘तप’ आहे, तोच हा. मराठीत आपण त्याला ताप म्हणतो.

दुसरं उदाहरण ‘ब्लायटी’. 1914 ते 1918 च्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक आपल्या देशाला प्रेमाने ब्लायटी म्हणत. मायदेशी पाठवावं लागेल अशी जखम झाली, तर ती ‘ब्लायटी वन’. मूळ शब्द आपला ‘विलायती’, आणि त्याच्याही मुळाशी अरबी ‘विलायत’. आरामाच्या नोकरीला इंग्रज ‘कुशी जॉब’ म्हणतात, त्यातला ‘कुशी’ आपल्या ‘खुश’वरून आला.

तिसरं उदाहरण मनाला लागणारं आहे. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसैन!’ अशी हाक उठते. गोऱ्या शिपायांना ती कळली नाही. त्यांच्या कानाने तिची दोन इंग्रजी आडनावं केली, हॉब्सन आणि जॉब्सन. 1886 साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा मोठा कोश काढला, त्याला हेच नाव दिलं. परक्या भाषेतला शब्द आपल्या भाषेच्या साच्यात बसवून घेण्याच्या सवयीला आजही ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणतात. करबलाच्या शहीदांसाठीचा आक्रोश ऐकणाऱ्याने अर्थ न विचारल्यामुळे एक गमतीचं नाव होऊन बसला.

इंग्रज स्वतःच्या भाषेतही चुकतात. ‘फॉर ऑल इंटेंट्स अँड पर्पजेस’ म्हणजे जवळजवळ सर्व अर्थांनी. हा वाक्प्रचार 16व्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याच्या भाषेतून आला. पण अनेक जण तो ‘इंटेन्सिव्ह पर्पजेस’ असा ऐकतात आणि तसाच लिहितात. ‘फ्री रेन’ म्हणजे घोड्याचा लगाम सैल सोडणं, मोकळीक देणं. बरेच जण त्यातल्या ‘रेन’चं स्पेलिंग राज्य या अर्थाच्या शब्दाचं करतात, कारण उच्चार एकच. चुकीचं असूनही अर्थ लागतो अशा शब्दांना 2003 पासून ‘एगकॉर्न’ हे नाव मिळालं. ओकच्या झाडाच्या फळाला इंग्रजीत ‘एकॉर्न’ म्हणतात. ते कुणीतरी ‘एगकॉर्न’ ऐकलं, त्यावरून हे नाव.

म्हणजे कान नेहमी ओळखीचा आवाज शोधतो. यात अक्कल कमी असण्याचा प्रश्न नाही. पण परीक्षेत आणि अर्जात बरोबर रूपच लिहावं लागतं, म्हणून पालकांनी घरी तीन गोष्टी कराव्यात. मूल चुकलं तर हसू नका. त्याला काय ऐकू आलं आणि त्यातून काय समजलं ते विचारा. मग तो वाक्प्रचार लिहिलेला दाखवा. शेवटी त्यामागचं चित्र सांगा. घोडा आणि लगाम डोळ्यांसमोर आले, की ‘रेन’चं स्पेलिंग विसरत नाही.

आपल्या मुलांच्या घरात उर्दू आहे, बाहेर मराठी आहे. ‘तप’ आणि ‘विलायत’ त्यांना आधीच माहीत आहेत. लंडनच्या मुलाला हे शब्द कोश उघडून शोधावे लागतील. हे एकदा मुलांना सांगून पाहा, इंग्रजीची भीती नक्की कमी होईल.