विश्लेषण : अफझलखान नव्हे, सिद्दी जौहर! ‘शिवराज अष्टका’तील सर्वांत तगडा खलनायक कोण?

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या नेबापूरच्या शिवा काशीद यांनी १२ जुलै १६६० च्या रात्री पालखीत बसून मरण पत्करले, ते एका माणसाला काही तास फसवता यावे म्हणून. तो माणूस होता सिद्दी जौहर. आदिलशाहीचा हा सरदार पडद्यावर आला की कोल्हापूरच्या प्रेक्षकाला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. त्याने वेढलेला गड शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘शिवराज अष्टक’ या चित्रपटमालिकेत अफझलखान, शायिस्तेखान, उदयभान असे एकाहून एक प्रसिद्ध शत्रू येऊन गेले. त्यांत सर्वांत तगडा कोण, या प्रश्नावर बहुतेकांचे उत्तर अफझलखान असे असते. मात्र या मालिकेकडे हेरपट म्हणून पाहिले, तर क्रम बदलतो.

हे हेरपट कसे?

मालिकेतील ‘फर्जंद’ २०१८ मध्ये आणि ‘फत्तेशिकस्त’ २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. करोनाकाळानंतर २०२२ मध्ये फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आणि एप्रिलमध्ये ‘शेर शिवराज’ आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘सुभेदार’ आला. या सगळ्यांना आपण ऐतिहासिक चित्रपट म्हणतो आणि ते आहेतही. पण त्यांची बांधणी पाहिली, तर मैदानी लढाई जवळपास कुठेच नाही. शत्रूच्या गोटात शिरणे, वेषांतर, खोटी बातमी पेरणे, पहाऱ्याची ढिली जागा हेरणे आणि ठरलेल्या वेळी मोजक्या माणसांनिशी घाव घालणे, हाच प्रत्येक कथेचा कणा आहे. ‘फत्तेशिकस्त’ची तर जाहिरातही ‘सर्जिकल स्ट्राइक’ या शब्दाने झाली होती. या साऱ्याच्या मध्यभागी आहेत हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक. ‘फर्जंद’मध्ये प्रसाद ओक यांनी आणि ‘पावनखिंड’मध्ये हरीश दुधाडे यांनी ही भूमिका केली.

बहिर्जींविषयी लोककथा भरपूर, कागद मात्र थोडे. सुरतेची खबर त्यांनी आणल्याचा उल्लेख सभासद बखरीत आहे. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना मुघल फौज पाठीवर असताना त्यांनी आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. तोच किल्ला पुढे विश्रामगड म्हणून ओळखला जाऊ लागला. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवली जाते. हेराचा माग जितका पुसट, तितका तो हेर यशस्वी, असे म्हणायला हरकत नाही. चित्रपटकर्त्यांना मात्र त्यामुळे मोकळे रान मिळते.

क्रमवारी लावायची कशी?

‘डॉ. नो’ १९६२ मध्ये आला तेव्हापासून जेम्स बाँडचे चाहते खलनायकांच्या याद्या करत आले आहेत. त्यांत ‘गोल्डफिंगर’ वर असतो, कारण त्याची योजना बाँडला बराच काळ कळत नाही. हेरपटातील खलनायक किती लोकांना मारतो किंवा किती मोठ्याने हसतो, याला फारसे महत्त्व नसते. तो हेराला किती घाम फोडतो, हे पाहायचे असते. मराठी ऐतिहासिक चित्रपटांत खान म्हटला की गडगडाटी हसणे, लाल डोळे आणि तबकातले मांस हा साचा ठरलेलाच. तो बाजूला ठेवून येथे दोनच गोष्टी पाहिल्या आहेत. समोरच्याची बातमी काढायची आणि स्वतःची बातमी झाकायची अक्कल या शत्रूकडे किती होती? आणि चित्रपटाने ती अक्कल पडद्यावर येऊ दिली का?

तळाचे दोघे : बेशक खान आणि उदयभान

‘फर्जंद’ हा पन्हाळ्याचा दुसरा अध्याय. १६६० मध्ये गेलेला गड ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ मावळ्यांनिशी परत घेतला. जयराम पिंड्ये यांनी त्याच वर्षी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य लिहून ही मोहीम नोंदवून ठेवली. मराठ्यांच्या छुप्या कारवाईचे इतके ताजे वर्णन क्वचितच मिळते. या तुलनेत चित्रपटातला किल्लेदार बेशक खान अगदी सपाट आहे. तो क्रूर आहे, मग्रूर आहे आणि शेवटी गाफील आहे. गाफील माणसावर केलेली हेरगिरी सोपी वाटू लागते आणि साठ जणांच्या धाडसाचे मोल त्यातच कमी होते. त्यामुळे पाचवा क्रमांक.

उदयभानाचे दुखणे वेगळे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर तानाजी मालुसरे यांच्याशी लढताना हा राजपूत किल्लेदार मारला गेला. शौर्यात तो कुठेच उणा नाही. पण तो वाट पाहणारा खलनायक आहे. कडा चढून कोणी येणार नाही, या एका गृहीतकावर त्याचा सगळा बंदोबस्त उभा होता.

कोल्हापूरला मात्र उदयभान जुना. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने येथेच १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते. तरुण व्ही. शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शांतारामांनी ‘प्रभात’साठी बोलका ‘सिंहगड’ केला आणि त्याच वर्षी कंपनीने कोल्हापूरहून पुण्याला मुक्काम हलवला. बहिर्जीही येथील चित्रपटकर्त्यांना नवे नाहीत. भालजी पेंढारकरांचा ‘बहिर्जी नाईक’ १९४३ चा. म्हणजे आज मल्टिप्लेक्समध्ये शिट्ट्या मिळवणाऱ्या या कथा कोल्हापूरकरांच्या आजोबा-पणजोबांनीही पडद्यावर पाहिल्या आहेत.

शायिस्तेखान तिसऱ्या क्रमांकावर का?

शाळेच्या पुस्तकातला शायिस्तेखान म्हणजे तुटलेली बोटे. पण औरंगजेबाचा हा मामा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. चाकणचा छोटा भुईकोट घ्यायला त्याला सुमारे दोन महिने लागले, पण त्याने तो घेतला. त्यानंतर पुण्यात लाल महालात तळ ठोकून तो जवळपास तीन वर्षे स्वराज्याची नाकेबंदी करत राहिला. पुढे बंगालच्या सुभेदारीवर गेल्यावर १६६६ मध्ये त्याच्या फौजेने चितगाव जिंकले. अशा कसलेल्या माणसाच्या छावणीतून वाट काढून, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, त्याच्या शयनगृहापर्यंत पोहोचणे म्हणजे हेरांनी किती दिवस आधी काम केले असेल, याचा अंदाज यावा. महाल शिवरायांच्या बालपणाचा, त्यामुळे त्याच्या भिंती ओळखीच्या. छावणीतले पहारे आणि परवलीचे शब्द मात्र नव्याने हेरावे लागले असणार.

अनुप सोनी यांनी या खानाला ऐटबाज, शांत आणि किंचित कंटाळलेला असा रंग दिला आहे. आरडाओरडा नाही. हे चांगले झाले. पण त्याचा गाफीलपणा ऐषारामातून आला असे चित्रपट सुचवतो, तिथे तो पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे वळतो. एक लाखाच्या आसपास फौज भोवती असताना कोणी आत शिरेल असे कोणत्याही सेनापतीला वाटले नसते. तिसरा क्रमांक त्यामुळे चित्रपटापेक्षा इतिहासातल्या खानाला अधिक आहे.

मग अफझलखान पहिला का नाही?

‘शेर शिवराज’मधील मुकेश ऋषी यांचा अफझलखान पडद्यावर आला की फ्रेम भरून जाते. दरारा हाच निकष असता, तर चर्चेची गरज नव्हती. शिवाय खान नुसता धिप्पाड नव्हता. वाईची सुभेदारी त्याने सांभाळली होती, म्हणजे जावळीच्या तोंडाचा मुलूख त्याला माहीत होता. आदिलशाही फर्मानांनी मावळातल्या देशमुखांना फोडण्याचा डाव सुरू होता. खंडोजी खोपडे फुटला. कान्होजी जेधे यांनी मात्र वतनावर पाणी सोडून महाराजांची साथ धरली. माणसे फोडणे हाही हेरगिरीचाच भाग आणि त्यात खान कमी नव्हता.

तो हरला ते दुसऱ्या आघाडीवर. महाराज घाबरले आहेत, ही बातमी त्याला पटवून देण्यात आली. पंताजी गोपीनाथ वकील म्हणून त्याच्या गोटात गेले. तिथल्या कारभाऱ्यांना पैसे चारून त्यांनी खानाच्या मनातला दगा काढून घेतला, असे सभासद सांगतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात जे घडले, त्याचा निकाल या बातमीनेच आधी लावला होता. खानाच्या मनात काय आहे ते महाराजांना ठाऊक होते, महाराजांच्या मनातले खानाला नव्हते. एका बाजूची पाने उघडी पडली की हेरपटातला ताण थोडा सैल होतो. दुसरा क्रमांक, पण मोठ्या मानाचा.

सिद्दी जौहर अव्वल का?

अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, पन्हाळा स्वराज्यात आला. २८ डिसेंबरला कोल्हापूरजवळ रुस्तुम-ए-जमान आणि अफझलखानाचा मुलगा फाजलखान यांच्या फौजेचा धुव्वा उडाला. विजापूरकडे पाठवायला बडे सरदार उरले नव्हते. तेव्हा कर्नूलकडचा, एरवी दरबाराच्या मर्जीतून उतरलेला सिद्दी जौहर पुढे आला. त्याला सलाबतखान हा किताब मिळाला आणि मार्च १६६० मध्ये त्याने पन्हाळ्याला वेढा घातला.

या माणसाने बहिर्जींच्या खात्याला जवळजवळ काहीच करू दिले नाही. वेढा असा आवळला की आतली माणसे बाहेर जाईनात आणि बाहेरची रसद आत येईना. नेताजी पालकर यांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. या प्रयत्नात त्यांच्यासोबत होता सिद्दी हिलाल, म्हणजे सिद्दी दोन्ही बाजूंना होते. जौहरने राजापूरच्या इंग्रजांकडून तोफा आणवल्या. तटस्थ म्हणवणाऱ्या इंग्रजांनी वेढ्यात आपले निशाण लावून तोफा डागल्या, त्याचा हिशेब पुढच्या वर्षी राजापूरच्या वखारीकडून चुकता करून घेण्यात आला. पन्हाळ्याचा पाऊस कोल्हापूरकरांना सांगायला नको. पावसाळा लागला की वेढा आपोआप ढिला पडेल, असा गडावरचा अंदाज होता. जौहरने छावण्या शाकारून घेतल्या आणि तो बसून राहिला.

म्हणूनच या कथेत हेरगिरीची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागली. शरणागतीची बोलणी लावून वेढ्याची नजर किंचित सैल करावी लागली. डोंगराची निसरडी वाट हेरावी लागली. दोन पालख्या काढाव्या लागल्या आणि एका पालखीत महाराजांसारखा दिसणारा माणूस, मरणार हे ठाऊक असून, बसवावा लागला. इतके करूनही पाठलाग टळला नाही. सिद्दी मसूदच्या तुकडीने वाट पकडली आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे, रायाजी बांदल आणि बांदल सेनेला उभे राहावे लागले. जौहर फसला, पण काही तासांपुरताच. मालिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही खलनायकाने इतक्या लवकर चूक सुधारली नाही.

समीर धर्माधिकारी यांनी ‘पावनखिंड’मध्ये जौहर साकारताना ही चिकाटी धरून ठेवली आहे. तो घाई करत नाही, बोलतो ते तोलून. गंमत म्हणजे ‘फर्जंद’मधला बेशक खानही त्यांचाच. एकच नट एकाच गडावर दोनदा हरतो, एकदा तटाबाहेरून आणि एकदा तटाआतून. दोन्ही भूमिका पाठोपाठ पाहिल्या तर लिहिण्यातला फरक लगेच कळतो. बेशक खानाला लेखकाने हरण्यासाठी आणले आहे. जौहर जिंकूही शकतो, ही भीती शेवटपर्यंत राहते. चित्रपटाचे नाव आणि टाळ्या अर्थातच बाजीप्रभूंच्या, म्हणजे अजय पूरकर यांच्या वाट्याला गेल्या.

हा वाद महत्त्वाचा का?

दरवर्षी आषाढात हजारो तरुण पन्हाळा ते पावनखिंड चिखल तुडवत चालतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे. या वाटेचा इतिहास अनेकांना पहिल्यांदा भेटतो तो मोबाइलवर आलेल्या चित्रपटाच्या तुकड्यातून. त्या तुकड्यात शत्रू मूर्ख दिसला, तर शिवा काशीद यांना मरावे का लागले, हा प्रश्न मुलांना पडणारच नाही. मूर्खाला फसवायला पालखीत बसायची गरज नसते.

शत्रूला धर्माच्या एकाच रंगात रंगवले की दुसरी गफलत होते. वेढा सुटल्यावर महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोहोचले, तेव्हा तिथे आणखी एक वेढा होता. तो होता आदिलशाहीच्या चाकरीतल्या सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा. रात्रभर चाललेल्या थकल्या मावळ्यांनी तो कापून काढला, तेव्हा कुठे गडावरून खिंडीसाठी तोफांचे आवाज झाले. सुर्वे-दळवींचे नाव खलनायकांच्या यादीत कोणी घेत नाही, आणि त्यांच्यावर अजून स्वतंत्र चित्रपटही आलेला नाही.