हाडांचे औषध आणि शरीरातील पहारेकरी

झोलेड्रॉनिक ॲसिड हे मुळात हाडांचे औषध. कर्करोग हाडांत पसरल्यावर, अथवा उपचारांमुळे हाडे ठिसूळ होऊ लागल्यावर ते शिरेवाटे देतात. पहिल्या सलाइननंतर एक-दोन दिवसांत अनेकांना ताप चढतो, अंग मोडून येते. औषध बाधले असे समजून घरची मंडळी पुढचा डोस नको म्हणतात. तसे करण्यापूर्वी या तापाचे कारण जाणून घेणे इष्ट.

१९९९ मध्ये जर्मन संशोधकांना याच कुळातील पामिड्रोनेटमुळे ताप आलेल्या रुग्णांच्या रक्तात ‘गॅमा-डेल्टा टी’ या संरक्षक पेशी वाढलेल्या आढळल्या. पेशीत कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ तयार करणारी रासायनिक साखळी असते. हे औषध तिच्यातील एक दुवा बंद पाडते. कारखान्यातील एक यंत्र थांबले की त्याच्या अलीकडे अर्धवट माल साचतो. तसाच आयपीपी नावाचा पदार्थ पेशीत तुंबतो. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावरील ब्युटिरोफिलिन या प्रथिनात बदल होतो आणि ती खूण ओळखून हे पहारेकरी जागे होतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांचा परिणाम म्हणजे हा ताप. पुढील डोसांना तो बहुधा सौम्य असतो, किंवा येतच नाही.

प्रयोगशाळेत या जागृत पेशी कर्करोगाच्या पेशी मारतात. म्हणून ताप आला की रोग हटला, असा हिशेब मात्र कोणी मांडू नये. वारंवार डोस दिल्यास या पेशींची संख्या घटतेही. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने २६ चाचण्यांतील १८,७६६ स्त्रियांचा एकत्रित अभ्यास छापला. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू दहा वर्षांत १८.० टक्क्यांवरून १४.७ टक्क्यांवर आले. त्यापूर्वीच्या वयात तसा लाभ दिसला नाही. शिवाय या पेशींना न जागवणारे क्लोड्रोनेटही उपयोगी ठरले. तेव्हा सारे श्रेय पहारेकऱ्यांना देता येत नाही. हाडांची झीज थांबण्याचा वाटा मोठा असावा.

तापापेक्षा मूत्रपिंड आणि जबडा यांची काळजी अधिक घ्यावी. सलाइनच्या वेळी शरीरात पुरेसे पाणी असणे आवश्यक असते. पर्युषणात डोस येत असेल, तर निर्जल उपवासाचा विचार डॉक्टरांना आधीच सांगावा व तारीख बदलता येईल का ते विचारावे. दात काढायचा असल्यास पहिल्या डोसापूर्वीच काढून जखम भरू द्यावी. नंतर काढल्यास क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते आणि लवकर भरून येत नाही.